खिशातला पंच

पडक्या इमारतींचे फोटो काढण्याचा छंद ज्या देशांतून आपल्याकडे आला, त्या देशांत इमारत सोडून जायची पद्धत आहे. कारखाना बंद पडला की माणसं कुलूप लावतात, निघून जातात आणि खरोखरच परत येत नाहीत. डेट्रॉइटच्या ओस वास्तूंवर इव्ह मार्शां आणि रोमँ मेफ्र या दोन फ्रेंच छायाचित्रकारांचं भलंथोरलं पुस्तक २०१० साली निघालं. त्यात नाट्यगृहांचे गळके घुमट आहेत, शाळांतली उपडी बाकं आहेत, पण चहा पिणारा माणूस शोधून सापडत नाही. जपानमधलं हाशिमा हे कोळशाच्या खाणीचं बेट १९७४ साली रिकामं झालं, ते झालंच. ही चित्रं पाहून आपल्याकडचा एखादा उत्साही गृहस्थ कपाटातून जुना छोटा डिजिटल कॅमेरा काढतो, त्यात दोन पेन्सिल सेल घालतो आणि सिंदी मेघेत इमारत शोधायला निघतो. (सिंदी रेल्वे नव्हे; ते सेलू तालुक्यात. सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला खेटून असलेलं, २०११ च्या जनगणनेनं शहरात मोजलेलं पण ग्रामपंचायतीच्या हाती असलेलं गाव. मेघे आडनावाची गावं आमच्याकडे घाऊक आहेत: सावंगी, बोरगाव, पिपरी, सिंदी.) इमारत मिळायला वेळ लागत नाही. अडचण त्यानंतरची आहे. तिच्यात कोणीतरी असतं.

माझं म्हणणं असं की महाराष्ट्रात इमारत पडते, पण सुटत नाही. तिच्यातून राहणारे गेले तरी वापरणारे येतात, आणि वापरणारे नसले तरी भांडणारे असतातच. गावठाणातलं कवेलूचं जुनं घर घ्या. कवेलू अर्धे घसरलेले, ओसरीचा एक खांब गायब, दाराला गंजलेलं कुलूप. फोटोवाल्याला वाटतं, काळ इथं थांबला. काळ मुळीच थांबलेला नसतो. मागच्या सांदवाडीत पऱ्हाट्यांचा ढीग असतो, मधल्या खोलीत शेजाऱ्याचं कुटार, भिंतीवर गोवऱ्या, कोपऱ्यात गणेश मंडळाचं गेल्या वर्षीचं मखर आणि ओसरीवर दुपारच्या पत्त्यांचा डाव. आखीव पत्रिका काढून पाहिली तर मालकांची नावं एका पानात मावत नाहीत. त्यांतले निम्मे वारलेले, काही नागपूरला, एखादा पुण्यात, आणि एक बहीण अशी की तिची सही झाल्याशिवाय घर विकता येत नाही, आणि ती सही करत नाही. या घराला बेवारस म्हणणं हा वारसांच्या संख्येचा अपमान आहे. उलट वारस जास्त झाले म्हणूनच ते पडलं. एकच वारस असता तर त्यानं केव्हाच ते पाडून तिथं तीन मजली लॉन्स-कम-मंगल कार्यालय बांधलं असतं. त्यातून मुदत कायदा १९६३ चा. दुसऱ्याच्या जागेवर उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला न जुमानता बारा वर्षं ताबा ठेवला तर मालकाचा दावा मुदतीबाहेर जातो, हे कलम वकिलाइतकंच शेळ्या बांधणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून पडक्या घरातली शेळी ही निव्वळ शेळी नसते. ती वहिवाट असते.

मोठ्या शहरांचं काही वेगळं नाही, हे दाखवायला मुंबईची एस्प्लनेड मॅन्शन पुरे. पूर्वीचं वॉटसन हॉटेल. बिडाच्या सांगाड्यावर १८६० च्या दशकात उभं राहिलेलं. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दिसली ती इथं, ७ जुलै १८९६ रोजी. गेली कित्येक वर्षं हिच्या फोटोंखाली ‘उद्ध्वस्त वैभव’ छापाच्या ओळी येत राहिल्या. प्रत्यक्षात वैभव उद्ध्वस्त असताना आत भाडेकरू ठासून भरलेले होते आणि त्यांत वकिलांची कार्यालयं भरपूर होती, कारण कोर्ट हाकेच्या अंतरावर. इमारत धोकादायक म्हणून रिकामी झाली ती २०१९ साली. म्हणजे जिच्या अवशेषांवर लोक हळहळत होते, तिच्यात त्याच क्षणी दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी दुसऱ्याच एका पडक्या इमारतीचा दावा लढवत असणार.

आता हे सगळं खरं असेल, तर पडक्या इमारतीचा ‘कलात्मक’ फोटो हा मोठ्या प्रयत्नानं काढलेला खोटा फोटो ठरतो. तो काढण्यासाठी आधी शेळ्या हाकलाव्या लागतात. प्लॅस्टिकची निळी बादली चौकटीबाहेर सरकवावी लागते. पत्ते खेळणाऱ्यांना ‘दोन मिनिटं जरा’ म्हणून उठवावं लागतं, आणि आमच्याकडे पत्ते खेळणारा उठत नाही, तो विचारतो, “कायचे फोटो काढून राह्यले भाऊ? घरकुलाचे हाय का?” या प्रश्नाला कलेच्या इतिहासात उत्तर नाही. एवढं करून मोठ्या कॅमेऱ्याचं महागडं भिंग वापरायचं, ते मागचं सगळं धूसर करतं, आणि पुढचा एक गंजलेला कोयंडा तेवढा लखलखीत दिसतो. कोयंडा कोणाचा, दार कुठलं, मागे काय आहे, काही कळत नाही. पण लोक ‘वा’ म्हणतात.

छोट्या कॅमेऱ्याला ही लबाडी साधत नाही, आणि हीच त्याची पहिली लायकी. यातल्या बहुतेकांचा चित्रसंवेदक साधारण सव्वासहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीचं क्षेत्रफळ त्याच्या तिसेक पट भरतं. एवढ्याशा संवेदकाला भिंगही बारकं लागतं, आणि त्या भौतिकशास्त्राचा परिणाम असा की हाताच्या अंतरावरच्या खिळ्यापासून पलीकडच्या कडुनिंबापर्यंत सगळं एकाच वेळी स्पष्ट येतं. कोयंडाही येतो, बादलीही येते, शेळीही येते, आणि डाव हरत आलेल्या गृहस्थाच्या हातातली पानंसुद्धा. पंचनाम्यात हेच लागतं. पंचाला घटनास्थळ आवडून चालत नाही. जे आहे ते सगळं त्याच्यासमोर लिहिलं जातं आणि तो खाली सही करतो. पडक्या इमारतीचा फोटो याच वृत्तीनं काढावा, आणि त्या कामाला खिशात मावणारा, तोंडावर भाव नसलेला हा पंच उत्तम, एवढाच या लेखाचा मुद्दा आहे.

सहीचंही बघू. या कॅमेऱ्यांत फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी रंगात तारीख उमटवायची सोय असते. छायाचित्रकलेच्या शिबिरात पहिल्या तासाला ती बंद करायला शिकवतात. तारीख दिसली की फोटो बारशाचा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. पण इमारतीच्या बाबतीत त्या फोटोतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. वर्ध्याभोवतीच्या लेआउटांतला एखादा सिमेंटचा सांगाडा घ्या. विटांच्या भिंती खांद्याइतक्या, वर सळया आकाशात निघालेल्या, खाली तरोटा आणि गाजरगवत. हे बांधकाम सुरू आहे की पडझड सुरू आहे? नुसत्या फोटोवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोन वर्षांच्या अंतरानं, तारखेसह काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं: भिंत चार विटांनी वाढली असेल तर मुलाला नोकरी लागली, आणि सळया कमी झाल्या असतील तर शेजाऱ्याचं बांधकाम सुरू झालं.

इमारत कशी मरते हे शास्त्र आपल्याकडे लिहून ठेवलेलं नाही, कारण आपण शेवटी येऊन एकच फोटो काढतो. खरं तर तिच्या मरणाला ठरलेला क्रम असतो. आमची जमीन काळी, कापसाची. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं घर दर वर्षी थोडं उचललं जातं, थोडं खाली बसतं, आणि पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. राहणारा माणूस ती चीर दिवाळीच्या आधी बुजवतो. माणूस गेला की चीर राहते. मग वानरं. कवेलूवरून वानरांची एक टोळी गेली की पाचपन्नास कवेलू सरकतात; पूर्वी पावसाळ्याआधी माणूस लावून ते फेरले जायचे, आता फेरायला कोणी नसतं, म्हणून पाणी थेट माळ्यावर. पण पाण्यानं लाकूड कुजायच्या आत ते लाकूड जातं. सागवानी दारं, चौकटी, तुळया या क्रमानं ते कुठं जातं हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि विचारलं तर कोणालाच नसतं. लाकडानंतर लोखंड जातं. मग पक्षी पिंपळाची फळं खाऊन भिंतीवर बसतात, चुन्याच्या सांध्यात बी रुजतं, आणि एकदा पिंपळ आला की घर पाडता येत नाही, कारण पिंपळ तोडायला कोणी धजत नाही. या टप्प्यावर काही घरांचं भाग्य उघडतं. पिंपळाला कोणीतरी शेंदूर लावतं, पार बांधला जातो, आणि जे घर दुरुस्तीला पाच हजार मिळाले नाहीत म्हणून पडलं, त्याच्या जागेवर वर्गणी निघते. हा सगळा क्रम दिसायला दर वर्षी त्याच जागी उभं राहून काढलेला तारखेचा फोटो लागतो. त्यात सौंदर्य नसलं तरी चालेल.

याच जिल्ह्यात उलट पुरावाही आहे. सिंदी मेघेपासून काही किलोमीटरवर सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात १९३६ पासूनची कुटी उभी आहे. भिंती मातीच्या, बांबू स्थानिक, वर कवेलू. काळी माती तिथंही आहे, वानरं तिथंही आहेत. फरक एवढाच की तिथं रोज झाडलं जातं, सारवलं जातं आणि कवेलू वेळेवर फेरले जातात. मातीचं घर नव्वदीकडे निघालं आहे, आणि लेआउटातला वीस वर्षांचा सिमेंटचा बंगला, ज्याचे मालक मुलाकडे पुण्याला गेले, त्याच्या स्लॅबखालून सळया डोकावू लागल्या आहेत. सिमेंट कंपन्यांच्या जाहिरातींत हा मुद्दा येत नाही.

तारखेचं महत्त्व माझ्या मनाचं नाही, ते अजिंठ्यानं शिकवलं. लेणी स्थानिकांना ठाऊक होती, पण बाहेरच्या जगाला ती ‘सापडली’ ती जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. आणि ती कधी सापडली हे नेमकं माहीत आहे, कारण या गृहस्थानं दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरडून ठेवली. कृत्य निषेधार्ह. पण अभ्यासक दोनशे वर्षं निषेध करतात आणि तारीख वापरतात. आपल्याकडे पडक्या भिंतींवर नावं कोरण्याची परंपरा त्यानंतर अखंड चालू राहिली, दुर्दैवानं तारखेचा भाग तेवढा गळला. कोणाचं कोणावर प्रेम होतं हे कळतं, कोणत्या साली हे कळत नाही. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल या मद्रासच्या फौजेतल्या अधिकाऱ्यानं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठाल्या तैलप्रती करण्यात वर्षानुवर्षं घालवली. त्या लंडनला गेल्या आणि बहुतेक सगळ्या १८६६ मधल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिलनं दरम्यान कॅमेरा हाती घेतला होता. त्याच्या जोडफोटोंचं, शंभर चित्रांचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये छापून झालं होतं, ते उरलं. ज्याच्यावर आयुष्य ओतलं ती कला राख झाली, आणि जी नोंद म्हणून केली ती अजून ग्रंथालयात मिळते. गिलचा कॅमेरा खिशात मावणारा नव्हता, हे मान्य.

नागपूरच्या एम्प्रेस मिलकडे पाहा. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली, व्हिक्टोरिया राणी ज्या दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली तोच दिवस साधून. सुरुवातीची तारीख अशी मिनिटाच्या हिशेबात आहे. आज तिथं मॉल आहे आणि त्याच्या नावात एम्प्रेस तेवढी उरली आहे. मिल बंद पडल्यापासून मॉल उभा राहीपर्यंत त्या आवारात काय काय होतं, कुठली भिंत कधी गेली, हे सांगणारे तारखेचे फोटो किती घरांत असतील? एकेका पाळीला हजारो माणसं आत जायची, आणि त्यांच्या अल्बमात लग्नाचे, मुंजीचे, वैष्णोदेवीचे फोटो आहेत. पुलगावहून आर्वीला जाणारी छोटी गाडी १९१७ ची; पस्तीसेक किलोमीटरचा अरुंद रूळ, मालकी ब्रिटिश कंपनीची. ती बंद पडली. तिच्या आठवणी सांगणारे आर्वीत पानठेल्यागणिक भेटतात आणि गाडी किती हळू होती यावर त्यांचं एकमत आहे. फोटो मात्र मागू नका.

आता आक्षेप. पहिला अर्थातच मोबाइलचा: हातात तीन-तीन भिंगांचा मोबाइल असताना हा जुनाट डबा कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि बाजारानं तो केव्हाच मान्य केला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांत २०१० साली दहा कोटींहून जास्त छोटे डिजिटल कॅमेरे जगभर रवाना झालेले दिसतात. २०२३ मध्ये ते वीस लाखांच्याही खाली आले. म्हणजे पडक्या इमारतीचा फोटो ज्या यंत्रानं काढायचा ते यंत्रही त्याच अवस्थेत आहे: कारखाना बंद, सुटे भाग नाहीत, वारस भरपूर. पण मोबाइलचा दोष असा की तो अतिहुशार आहे. अंधाऱ्या खोलीत धरला तर तो चार-सहा फोटो गुपचूप काढून एकत्र करतो, सावल्या उजळतो, आकाश निळं करतो, पोपडे गेलेल्या भिंतीला गुळगुळीत करून टाकतो. पडक्या घराला त्याच्यामुळे रंगरंगोटी केल्याची कळा येते. छोट्या कॅमेऱ्याला अंधार झेपत नाही, आणि तो तसं कबूल करतो: खिडकी पांढरीफटक, खोली काळीकुट्ट. खरी खोली डोळ्यालाही उन्हातून आत गेल्यावर पहिल्यांदा अशीच दिसते. फार अडलं तर कॅमेरा पडलेल्या विटेवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. विटांची टंचाई नसतेच. शिवाय मोबाइलवर फोटो काढताना फोन येतो, आणि फोन येतो तो नेमका त्या सही न करणाऱ्या बहिणीचा.

दुसरा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या मुळावर येणारा आहे. ही नारिंगी तारीख खोटी असते. अगदी खरं. या कॅमेऱ्यातला घड्याळाचा छोटा सेल मेला की तो दर वेळी सुरू होताना स्वतःला तयार झालेल्या वर्षात नेऊन ठेवतो, आणि मग सिंदी मेघेतलं सगळं बांधकाम, सगळी पडझड आणि सगळ्या शेळ्या १ जानेवारी २००८ या एकाच दिवशी झाल्याचं दिसतं. कोर्टात तर नुसती तारीख चालत नाहीच. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमाखाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली. पण यावरून तारीख टाकू नये असा निष्कर्ष निघत नाही, घड्याळ लावावं असा निघतो. आणि साक्षीला दुसरा साक्षीदार घ्यावा: भिंत. आपल्या पडक्या भिंतींइतक्या बोलक्या भिंती डेट्रॉइटला नाहीत. कौलारू शाळेच्या बाजूला देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा अशी गेरूची पुसट अक्षरं दिसली की ती सत्तरीच्या दशकातली, कारण देशातला शेवटचा देवीचा रोगी १९७५ सालचा. त्यावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, त्यावर निवडणुकीचं चिन्ह, त्यावर शिकवणीवर्गाची जाहिरात, आणि सर्वांत वर कोणा भावी सदस्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, ज्यावर तारीख असतेच, कारण वाढदिवस चुकून चालत नाही. फोटो काढताना हा फ्लेक्स चौकटीबाहेर ठेवणारा कलावंत त्या फोटोचं वयच कापून टाकतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला विनोदानं उडवून लावता येत नाही. दुसऱ्याच्या पडलेल्या घराचे फोटो काढायचे म्हणजे त्याच्या दैन्याचं प्रदर्शन. डेट्रॉइटच्या लोकांनीही हीच तक्रार केली: आमची शहरं मेली असं दाखवून तुम्ही नाव कमावता. त्यांची बाजू नंतर खरीही ठरली. तिथलं मिशिगन सेंट्रल हे १९८८ मध्ये बंद झालेलं, अवशेष म्हणून असंख्य वेळा टिपलं गेलेलं रेल्वे स्थानक फोर्ड कंपनीनं २०१८ साली विकत घेतलं आणि दुरुस्त होऊन ते जून २०२४ मध्ये उघडलं. मृत्युलेख छापून झाल्यावर पेशंट चालत घरी आला. यावर माझं उत्तर असं की आक्षेप फोटोला नाही, सुस्काऱ्याला आहे. सुस्कारा न टाकता फोटो कसा काढायचा याचे नियम बाहेरून आणायला नकोत, ते सेवाग्रामात झाले आहेत. गांधीजींचे चुलत नातू कनू गांधी यांना फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून कॅमेरा आला, आणि गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला उभं राहायला-बसायला सांगायचं नाही, आणि या कामासाठी आश्रमाकडून पैसे मिळणार नाहीत. पडक्या इमारतीलाही याच तीन अटी लावाव्यात. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तसाही तीन-चार मीटरपलीकडे पोचत नाही आणि भिंतीऐवजी हवेतली धूळ उजळून भुतं दाखवतो. शेळीला सरकवायचं नाही. आणि पैसे कोणीच देत नाही, त्यामुळे तिसरी अट आपोआप पाळली जाते.

परवानगीचा प्रश्नही छोट्या कॅमेऱ्यानं सुटतो. पुरातत्त्व खात्याच्या बहुतेक स्मारकांत साध्या कॅमेऱ्याला कोणी अडवत नाही, तिपाई उघडली की परवानगी विचारतात. गावातही हाच अलिखित नियम आहे. तिपाई आणि मोठं भिंग दिसलं की मालकाला वाटतं मोजणी आली, शेजाऱ्याला वाटतं बिल्डर आला, आणि सरपंचांना वाटतं पत्रकार आला. तिघंही वेगवेगळ्या कारणांनी घाबरतात आणि एकाच आवाजात ओरडतात. हातातला छोटा डबा पाहिला की लोक म्हणतात, जाऊ द्या, हौशी दिसतो. सरकारनं २०२० पासून गावठाणांची मोजणी ड्रोननं सुरू केली आहे. मिळकत पत्रिका द्यायला ती चांगलीच. पण ड्रोनला छप्पर दिसतं, ओसरी दिसत नाही. ओसरीवर कोण बसतं हे टिपायला माणसाच्या छातीच्या उंचीवरचा कॅमेरा लागतो.

धोक्याचं मात्र थट्टेवारी नेऊ नये. माडीवर चढू नये, कारण तुळई कुठली उरली आहे हे खालून कळत नाही. ओलसर कोपऱ्यात हात घालू नये, आग्या मोहोळ दिसलं तर परत फिरावं, एकट्यानं जाऊ नये आणि अंधार पडायच्या आत बाहेर यावं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सकाळी आठनंतर इमारतीपेक्षा छायाचित्रकाराचाच फोटो काढायची वेळ येते. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ बरी, ऊन तिरपं असतं आणि भिंतीवरची पुसट अक्षरं वाचता येतात. कपाटातला कॅमेरा काढा, सेल घाला, आधी तारीख लावा. मग कुंपणावरून उडी मारण्यापूर्वी जवळच्या पानठेल्यावर विचारा. मालक पुण्याला असला तरी किल्ली तिथंच ठेवलेली असते.